सोमवारची स्वच्छ प्रत

बाईंच्या टेबलावरून तीस वर्षांत खाडाखोडीचा एकही कागद बाहेर पडला नाही, असं न्यायाधिकरणातला शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. या शिपायाचं काम पक्षकारांची नावं पुकारण्याचं. त्याचा आवाज असा, की खाली रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा आपलंच नाव निघालं की काय म्हणून थबकायचा. सगळे त्याला भोंगा म्हणत. दुसऱ्याची स्तुती करण्याची भोंग्याला मुळीच सवय नव्हती, त्यामुळे तो म्हणतो म्हणजे खरंच असणार असं लोक धरून चालत.

बाई तिथे स्टेनो होत्या. साहेब निकाल सांगायचे, बाई तो लघुलिपीत वहीत उतरवून घ्यायच्या, मग टाइप करून प्रत काढायच्या आणि साहेब तिच्यावर सही करायचे. एक दालन, एक साहेब, एक लांब व्हरांडा आणि छतापर्यंत चढलेली फायलींची मांडणी, एवढाच सगळा संसार. सरकारी नोकरांची गाऱ्हाणी तिथे चालत. कुणाची बढती अडलेली, कुणाला घरी बसवलेलं, तर कुणाची जन्मतारीखच चुकलेली.

स्वच्छ कागदाचं वेड बाईंना घरून आलेलं. त्यांचे वडील, अण्णा, टायपिंगचा क्लास चालवायचे. मुलांनी टाइप केलेला प्रत्येक कागद ते खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरायचे. रबराने खोडलं असेल तर तिथला कागद विरळ होतो आणि उजेडात दिसतो. दिसला, की फाडून टाकायचे. "खोडलेल्या कागदाला कोण मान देतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हाताखालची पोरं पांगली, मशिनं भंगारात गेली, संगणक आले, अण्णा नव्वदीला टेकले. पण ते वाक्य मात्र हललं नाही. बाईंचं लग्न जुळता जुळता राहून गेलं. त्या आणि अण्णा, दोघंच घरात. संध्याकाळी बाई दारातून आत शिरल्या, की अण्णांचा पहिला प्रश्न, "आज किती पानं?" आणि दुसरा, "एकही नाही ना?" म्हणजे खाडाखोड. बाई म्हणायच्या, "एकही नाही." मग दोघं चहा घ्यायचे.

न्यायाधिकरणं मोडणार, ही बातमी गेली सहा वर्षं येत होती. देशात न्यायाधिकरणं फार झाली, खर्च फार होतो, निकालाला उशीर लागतो. तेव्हा ती बंद करून त्यांचं काम मोठ्या न्यायालयाकडे द्यावं, म्हणजे लोकांना न्याय लवकर मिळेल, असं वरच्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं होतं. विहिरीला पाणी कमी आहे म्हणून दोर कापून टाकावा, तशातला हा उपाय. पण शहाण्यांना कोण सांगणार? विधेयक आलं, परत गेलं, समितीकडे बसलं, पुन्हा उठलं. दर वेळी भोंगा व्हरांड्यात उभा राहून "लांडगा आला रे" म्हणून पुकारायचा आणि वकील हसायचे.

शेवटी कायदा मंजूर झाला. त्यात चार ओळींचं एक कलम होतं. कायदा अमलात येईल त्या दिवशी न्यायाधिकरणाच्या सदस्यांचं पद संपेल, आणि ज्या प्रकरणात निकाल जाहीर झालेला नसेल ते मोठ्या न्यायालयात जाऊन पहिल्यापासून ऐकलं जाईल. अमलात केव्हा येईल? तर सरकार राजपत्रात जाहीर करील तेव्हा. असे चार महिने गेले. लांडग्याची माणसाला सवय होते. त्या चार महिन्यांत न्यायाधिकरणाने नव्या खुर्च्यासुद्धा मागवल्या.

चावीवाल्याचं प्रकरण नऊ वर्षांचं होतं.

हा माणूस पाणीखात्यात कामाला होता. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी घेऊन पहाटे रस्तोरस्ती फिरायचं, झाकणं उघडायची, खालचे व्हॉल्व्ह मोजून इतके फेरे फिरवायचे आणि एकेका वस्तीला पाणी सोडायचं, असं सव्वीस वर्षं केलेलं. एका सकाळी एका वस्तीच्या नळाला घाण पाणी आलं. माणसं आजारी पडली, दोन लहान मुलं गेली. चौकशी झाली आणि चौकशीने सांगितलं, चावीवाल्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. तो म्हणत होता, मी त्या सकाळी तिकडे फिरकलोच नाही, जमिनीखालचा सांधा फुटल्याचं मी दोनदा लिहून दिलं होतं. पण लिहून दिलेलं कुणाला सापडेना. मोठ्यांच्या चुका नेहमी खालच्याच माणसाच्या हाताला चिकटतात. त्याला बडतर्फ केलं.

नोकरीचं त्याला फारसं वाटत नव्हतं. वय उलटून गेलं होतं, नोकरी परत मिळणार नव्हतीच. त्याचं दुखणं वेगळं होतं. गेलेल्या दोन मुलांपैकी एकाची आई त्याच्याच गल्लीत राहायची, समोरच्या दारात. त्याच्या बायकोने त्या दिवसापासून दारात उभं राहणं सोडलं होतं. पुढे तिची नजरही अधू झाली. ती नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही केलं नाही हे मला ठाऊक आहे. पण एकदा कागद येऊ दे. तो वाचून दाखवा मला. मग मी त्या माउलीसमोर जाऊन उभी राहीन." साक्षीत वकिलाने विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय, तेव्हा चावीवाल्याने हे सगळं असंच्या असं सांगितलं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं होतं. लिहिताना स्टेनोने ऐकायचं नसतं, नुसतं लिहायचं असतं. त्या दिवशी बाईंनी ऐकलं.

तारखेला तो कधी चुकला नाही. तिसऱ्या बाकावर बसायचा. व्हरांड्यातल्या हात धुण्याच्या नळाला सारखी धार लागलेली असायची; नावाचा पुकारा होईपर्यंत वेळ असला, की तो खिशातून पाना काढून नळ आवळून ठेवायचा. पुढच्या तारखेपर्यंत नळ पुन्हा सैल, की पुन्हा आवळायचा. भोंगा म्हणायचा, "बाई, या माणसाचा निकाल लागला तर आपल्या नळाचं कसं व्हायचं?"

आणि निकाल लागायची वेळ खरोखरच आली. पाणीखात्याच्या जुन्या गठ्ठ्यात चावीवाल्याचे ते दोन अर्ज सापडले, तारखेसकट, शिक्क्यासकट. साहेबांनी बुधवारी निकाल सांगायला घेतला आणि गुरुवारी संपवला. साहेब कोरडे होते, कुणाला बरं म्हणायचे नाहीत, वाईटही म्हणायचे नाहीत. पण शेवटचा परिच्छेद सांगताना ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि बाईंकडे पाठ करून बोलले. बाईंनी वाक्य उतरवलं आणि डोळे पुसले. साहेबांनी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शुक्रवारी प्रकरण निकालासाठी लागलं होतं. दुपारी साडेचारला पुकारा होणार होता. बाईंनी चार वाजता प्रत काढायला घेतली. एकोणीस पानं. सतरा स्वच्छ आली. अठराव्या पानावर प्रिंटरने एक काळी रेघ ओढली, वरपासून खालपर्यंत, मधोमध. एकोणिसाव्यावरही तीच. बाईंनी पानं पुन्हा काढली, पुन्हा रेघ. प्रिंटर उघडला, पुसला, हलवला. रेघ आणखी जाड झाली. अख्ख्या न्यायाधिकरणात तेवढा एकच प्रिंटर, आणि दुरुस्तीवाला सोमवारी सकाळी येणार होता.

एकोणिसाव्या पानावर तो शेवटचा परिच्छेद होता. ज्या ओळीत या माणसाचा दोष नाही असं लिहिलं होतं, तिच्यावरूनच ती रेघ खाली गेली होती. खोडल्यासारखी.

साडेचारला भोंग्याने पुकारा केला. चावीवाला उठून हात जोडून उभा राहिला. साहेबांनी पेन उघडलं. बाई खालच्या टेबलावरून उठून साहेबांच्या कानाशी गेल्या.

"साहेब, एक मिनिट. शेवटच्या दोन पानांवर रेघ आलीय."

साहेबांनी पान पाहिलं. "वाचता येतंय की. चालेल."

"सोमवारी सकाळी स्वच्छ प्रत देते साहेब. अकराच्या आत."

"अहो, पण रेघेने काय होतं?"

बाई आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "साहेब, तो हा कागद जन्मभर जपणार आहे. बायकोला दाखवणार, गल्लीत दाखवणार. खोडल्यासारखं दिसतंय हो."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईंनी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी पेन बंद केलं. "निकाल सोमवारी अकरा वाजता," ते म्हणाले, आणि बाईंनी तसंच रोजनाम्यात लिहिलं. रोजनामा म्हणजे त्या दिवशी प्रत्येक प्रकरणात काय झालं त्याची नोंद. दोन्ही वकिलांनी त्याखाली सह्या केल्या. चावीवाल्याने हात खाली घेतले. जाताना त्याने नळ आवळला.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण सहज म्हणतो. ते शेपूट बाईंनी स्वतःच्या हाताने धरून ठेवलं होतं. तेही मायेपोटी.

शनिवारी सकाळी भोंग्याचा फोन आला. फोनवरही तो पुकारा केल्यासारखाच बोलायचा, पण त्या दिवशी त्याचा आवाज बसला होता.

"बाई, आला."

"कोण आला?"

"लांडगा. राजपत्रात आलं. आजपासून. आपण नाही आता."

बाई उभ्या होत्या, खाली बसल्या. अण्णांनी विचारलं, काय झालं, तर त्यांना काही सांगता येईना. अण्णांना एवढंच कळलं, की ऑफिस बंद झालं. "नोकरी?" त्यांनी विचारलं. "नोकरी आहे अण्णा. दुसरीकडे घेतायत." "मग रडतेस कशाला?" अण्णा म्हणाले.

सोमवारी पावणेअकराला चावीवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. दालनाला कुलूप होतं आणि दारावर कागद चिकटवला होता. त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून. बाई आतल्या खोलीत यादी करत होत्या. दाराच्या फटीतून त्यांना तो दिसत होता. बाहेर जाऊन त्याच्यासमोर उभं राहायला हवं होतं. पाय उचलला नाही. भोंग्याने जाऊन त्याला समजावलं. तो बराच वेळ मान हलवत होता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल काही सांगितलं जातंय. मग बाकावर बसला, त्याच्या ठरलेल्या जागी.

प्रिंटर दुरुस्तीवाला साडेअकराला आला. कुणीच त्याला येऊ नको म्हणून कळवलं नव्हतं. त्याने दहा मिनिटांत आतला एक भाग बदलला आणि तो गेला. बाईंनी त्या रिकाम्या ऑफिसात बसून एकोणीस पानं काढली. एकावरही रेघ नव्हती.

ती पानं पिशवीत घालून बाई दुपारी साहेबांच्या घरी गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा. साहेब घरच्या कपड्यांत कुंड्यांना पाणी घालत होते आणि एकदम लहान दिसत होते. बाईंनी कागद पुढे केले, आणि जे कधी तोंडातून निघेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं ते निघालं.

"साहेब, शुक्रवारची तारीख घालून सही करा."

साहेबांनी कागदांकडे पाहिलं. पाण्याचं भांडं खाली ठेवून आत गेले, चष्मा घालून आले, शेवटचं पान वाचलं.

"छान आलीय प्रत," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाई, शुक्रवारच्या रोजनाम्यात काय लिहिलंय?"

बाई खाली पाहू लागल्या.

"निकाल सोमवारी, असं तुमच्याच हाताने लिहिलंय. दोन वकिलांच्या सह्या आहेत. आज मी सही केली तर पाणीखातं दुसऱ्या दिवशी हा कागद खोटा म्हणून उडवील. तुमची नोकरी जाईल, माझं नाव जाईल, ते जाऊ दे. पण त्या माणसावर खोट्या कागदाचा आणखी एक ठपका येईल. पहिला पुसता आला नाही, दुसरा कोण पुसणार?"

"मी रोजनामा..." बाई बोलायला लागल्या आणि थांबल्या.

"खाडाखोड करणार?" साहेब हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "तुमच्याने होणार नाही ते. आणि मी आता कुणी नाही हो. शनिवारपासून माझी सही म्हणजे दूधवाल्याच्या वहीवरची सही."

त्यांनी बाईंना चहा विचारला. बाईंनी घेतला नाही. साहेब फाटकापर्यंत आले. फाटकाशी म्हणाले, "माझंच चुकलं. तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबायला नको होतं." बाईंना वाटलं, यापेक्षा त्यांनी आपल्याला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढे तीन आठवडे फायली बांधायचं काम चाललं. वरून पत्रक आलं, की जाहीर न झालेल्या निकालांचे मसुदे आणि लघुलिपीच्या वह्या अधिकाऱ्यासमोर नष्ट कराव्यात, त्यांतला मजकूर कुणालाही कळू देऊ नये. ती एकोणीस पानं बाईंनी स्वतः कागद फाडायच्या यंत्रात घातली. वही शेवटच्या दिवशी द्यायची होती.

त्या शेवटच्या दिवशी चावीवाला आला. मांडण्या रिकाम्या, भिंतीवर फायलींच्या आकाराचे डाग, बाक बाहेर काढलेले. तो उभाच राहिला.

"बाई, एकच विचारायचं होतं. निकाल तयार होता, असं वकील म्हणाले."

"मला सांगता येत नाही हो."

"माहीत आहे. तुमची अडचण होईल असं नाही विचारत. घरी ती रोज विचारते. मी म्हणतो, कागद यायचाय. मलाच ठाऊक नाही तर तिला काय सांगू? आमच्या बाजूने होता, का नव्हता? नुसती मान हलवली तरी चालेल."

बाईंना पत्रक पाठ होतं. तीस वर्षांत निकालाचा एक शब्द त्यांच्या तोंडून बाहेर गेला नव्हता. अण्णांनासुद्धा पानं किती एवढंच कळायचं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात भोंगा उभा होता. तो पाठमोरा झाला आणि व्हरांड्यात जाऊन मोठ्याने खोकत राहिला, कुणी आलं तर कळावं म्हणून.

बाईंनी वही उघडली. लघुलिपीच्या त्या बारीक वळवळत्या रेषा त्यांच्याशिवाय तिथे कुणालाही वाचता आल्या नसत्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली, साहेबांना परत वाचून दाखवायच्या तशाच सपाट आवाजात, विरामचिन्हांसकट. दुसऱ्या कुठल्या आवाजात वाचलं असतं तर त्यांना पुढे जाता आलं नसतं.

"वरील सर्व पुराव्यांवरून स्वल्पविराम हे न्यायाधिकरण अशा निष्कर्षाला येते की स्वल्पविराम त्या सकाळी अपीलकर्त्याने कोणतीही चावी फिरवलेली नव्हती पूर्णविराम. सांधा फुटल्याची सूचना त्याने वेळेवर आणि दोनदा दिली होती पूर्णविराम. जे घडले त्यास तो जबाबदार नाही पूर्णविराम. तो आपले काम करणारा माणूस होता पूर्णविराम."

चावीवाला डोळे मिटून ऐकत होता. ओठ हलत होते. व्हॉल्व्हचे फेरे मोजायची सवय असलेला माणूस. त्याने प्रत्येक शब्द मोजून आत ठेवला असावा.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.

बाईंनी पुन्हा वाचलं.

"हे लिहून द्याल?"

"नाही देता येत. सही नाही त्यावर. सहीशिवाय तो कागदच नाही."

"म्हणजे मी सुटलो," तो सावकाश म्हणाला, "आणि सुटलो असं कुणाला सांगू शकत नाही."

बाईंना तेव्हा रेघेबद्दल सांगायचं होतं. माझ्यामुळे झालं, शुक्रवारी साहेबांच्या हातात पेन होतं, असं सगळं. पण त्या माणसाने इतक्या मनापासून हात जोडले, की बाईंच्याने ते बोलवलं नाही. तो जाताना व्हरांड्यात नळापाशी थांबला. पाणी आधीच तोडलेलं होतं. त्याने नळ तरीही आवळला.

बाईंची मोठ्या न्यायालयात नेमणूक झाली, नोटिसा पाठवायच्या शाखेत. स्टेनोचं काम गेलं. इथे संगणकच नोटीस तयार करायचा. बाईंनी ती छापायची, पाहायची, पाकिटात घालायची. प्रिंटर नवाकोरा होता. चौदा महिन्यांनी चावीवाल्याची नोटीस निघाली. आपले प्रकरण या न्यायालयाकडे वर्ग झाले असून प्रथम सुनावणीस हजर राहावे. बाईंनी ती तीन वेळा वाचली. एखादी चूक सापडली तर मागे ठेवता आली असती. सापडली नाही.

सुनावणीच्या दिवशी तो शोधत शोधत बाईंच्या खिडकीशी आला. काठी आली होती हातात.

"काय झालं आत?" बाईंनी विचारलं.

"पुढची तारीख. खंडपीठ अजून नेमलं नाही म्हणे." मग तो खिडकीच्या जवळ सरकला. "बाई, एक चूक झाली माझ्याकडून."

नोटीस आली तेव्हा त्याची बायको दाराशीच बसली होती. पाकीट हातात घेऊन तिने बोटांनी वरचा शिक्का चाचपला आणि म्हणाली, आला का कागद? तिचा चेहरा पाहिल्यावर त्याला नाही म्हणवलं नाही. त्याने नोटीस उघडली, समोर धरली आणि बाईंनी वाचलेला परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला.

"सगळा?"

"सगळा. स्वल्पविरामासकट. गडबडीत ते गाळायचं राहिलं. तिने विचारलं, पूर्णविराम म्हणजे काय हो? मी म्हटलं, म्हणजे संपलं." तो हसल्यासारखं करून पुढे म्हणाला, "ती उठली बाई. त्याच दिवशी समोरच्या दारात गेली. दोघी रडल्या. आता ती रोज बाहेर बसते. आज आलो तो दवाखान्याचं नाव सांगून आलोय."

बाईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"तेवढ्यासाठीच आलो. नोटीस आता घरी नका पाठवू. आता ती शेजारच्या सुनेला बोलावते, पत्र आलं की वाचून घेते. पहिल्या ओळीतच सगळं उघडं पडेल. त्या माउलीसमोर माझी बायको खोटी ठरेल. तेवढं तरी करा."

"नोटीस मी थांबवू शकत नाही हो," बाई म्हणाल्या. "आपोआप निघते. पत्त्यावर जाते."

"मग प्रकरणच काढून घेतो."

"काढून घेतलंत तरी तसा आदेश पोस्टाने घरीच येणार."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. द्यायचा तो कागद बाईंनी याला मिळू दिला नव्हता आणि नको तो कागद त्यांना अडवता येत नव्हता. मागे रांग वाढत होती. बाईंनी पत्ता बदलण्याचा अर्ज काढला.

"दुसरा पत्ता आहे का कुठला? मुलाचा, भावाचा?"

त्याने मान हलवली. कुणी नव्हतं.

बाईंनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. न्यायालयाच्या नोकराने पक्षकाराची पत्रं आपल्या घरी घेणं म्हणजे नोकरीवर धोंडा पाडून घेणं. हे लिहिताना घराच्या क्रमांकातला एक आकडा चुकला. त्यांनी तो खोडला आणि वर दुसरा लिहिला. मग अर्ज वळवून त्याच्यासमोर सहीसाठी ठेवला.

तेव्हापासून बाई दुपारी ऑफिसात नोटीस छापतात आणि चार दिवसांनी पोस्टमन ती त्यांच्याच दारात आणून देतो. बाई चावीवाल्याला फोन करून तारीख सांगतात. तो दवाखान्याला म्हणून निघतो. पुढची तारीख घेऊन परत जातो. आतापर्यंत पाच नोटिसा झाल्या.

पाचवी आली तेव्हा बाई चहा ठेवत होत्या. पाकीट अण्णांनी फोडलं. ते हल्ली मजकूर वाचत नाहीत, अक्षरं जुळत नाहीत त्यांना. पण कागद घेऊन ते खिडकीशी गेले, दोन्ही हातांनी उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत पाहत राहिले.

"तुझंच काम ना हे?"

"हो अण्णा."

"एकही नाही," अण्णा समाधानाने म्हणाले, आणि कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला.